ओढ्याकाठची पेटी

मंगळवार, सकाळ

प्रिय धाकटे,

माझं पत्र बघून आधी तू घाबरशील, म्हणून सांगून टाकते: मी धडधाकट आहे, घर जागेवर आहे, कोंबड्या अंडी देतायत. काल दुपारी तुला फोन केला होता. तू विचारलंस गुडघा कसा आहे, मी म्हणाले आहे तसाच आहे, आणि ठेवून दिला. बोलायचं होतं ते राहूनच गेलं. कागदावर तरी उतरेल म्हणून बसलेय. बसचा ड्रायव्हर बाराला निघतो, त्याच्या हाती देणार आहे. तो एरवी कुणाचं पाकीट नेत नाही, पण तुला वेधशाळेत जाऊन द्यायचंय म्हटल्यावर दात काढून तयार झाला. तुझं नाव घेतलं की इथे सगळी कामं होतात.

हेच तर माझं दुखणं आहे. मागच्या शुक्रवारी तू रेडिओवर शरदाचा अंदाज सांगितलास, तेव्हा दुकानासमोर अख्खी आळी कान टवकारून उभी होती. डोंगराळ भागात यंदा ऊब जास्त, पाऊस बेताचा, पंचवीस तारखेच्या आत हिव पडायची, दव गोठायची चिन्हं नाहीत. काय तो आवाज गं तुझा! थंडी येणार म्हणालीस तरी ऐकणाऱ्याला ऊब वाटावी. लगेच सगळ्या बागवाल्यांनी ठरवलं, सफरचंदं झाडावरच ठेवायची, लाली चढू द्यायची. ट्रक पंचवीसचे सांगून ठेवलेत. शेजारचे मिशीवाले काका तर टाळ्या वाजवत होते. पूर्वी हेच काका बाबांच्या मागे, बाबा गेल्यावर माझ्या मागे, काय हो, थंडी कधी, म्हणून धावायचे. आता मला रस्त्यात गाठून विचारतात, बहीणबाई काय म्हणतात? मी दिसते त्यांना, पण तुझ्या दाराची कडी म्हणून.

जळते मी तुझ्यावर. लिहिलं बघ, आणि छत काही कोसळलं नाही. पेपरात तुझा फोटो आला तेव्हा मी तो कात्रीनं नीट कापला, सगळ्यांना दाखवला, आणि उरलेल्या पानात पावसाळी चपला गुंडाळल्या. तिथेही पुढच्या बाजूला तुझं नाव होतं, ते मी मुद्दाम टाचेखाली घेतलं. शिवणवाली तुझ्यासारखा गळा शिवून घालते, तर मी तिच्याकडे टाकायला नेलेला झगा परत आणला. एवढी मोठी बाई मी, आणि हे उद्योग!

लहानपणापासूनचं आहे हे. आठवतं? बाबा पहाटे आपल्याला ओढ्याकाठी न्यायचे. पांढऱ्या झडपांची ती वेधशाळेची पेटी उघडायचे, तुला स्टुलावर चढवायचे आणि तू तापमापकातला आकडा मोठ्यानं वाचायचीस. मी खाली वही घेऊन लिहायची. पाच वर्षांची कार्टी तू, पण बाबा म्हणायचे, हिचा आवाज बघा कसा खणखणीत. माझं अक्षर कुणी बघितलं नाही. मग आई गेली, तुझं शिक्षण निघालं, तेव्हाही बाबा म्हणाले, तू जा निर्धास्त, ताई आहेच. 'ताई आहेच' हीच माझी पदवी. मी राहिले. बाबांना सांभाळलं, त्यांच्यामागे पेटी सांभाळली, रोज आठच्या ठोक्याला वेधशाळेत फोन करून आकडा कळवला. तेवढं एकच काम माझं होतं. त्याच्या जोरावर मी इथे कुणीतरी होते.

आता नीट ऐक. बाबांनी पेटी ओढ्याकाठी का ठेवली होती, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पहाटेची थंडी उतारावरून घसरत खाली जाऊन बसते, आणि बागाही खालीच आहेत. जिथे फळं तिथे पेटी, असं ते म्हणायचे. तीन वर्षांपूर्वी माझा गुडघा सुजला आणि पहाटे तो उतार उतरणं होईना. मी सुताराला बोलावलं आणि पेटी वर, स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला लावून घेतली. चूल पेटली की ती भिंत कोमट असते. चार दिवसांसाठी म्हणून आणली होती गं, शपथ. पण खिडकीतून हात काढला की आकडा मिळायला लागला, चार दिवसांचे चार महिने झाले, आणि तुम्हाला कळवायचं राहिलं. राहिलं कसलं, मी कळवलंच नाही. ताईच्यानं होत नाही म्हणून तुमच्यापैकी कुणी एखादं आपोआप चालणारं यंत्र आणून रोवलं असतं. मग मला कुणी काय म्हणून विचारलं असतं?

आणि त्याच तीन वर्षांत तू माझे आकडे घेऊन ते मोठं संशोधनाचं काम केलंस, की आपल्या खोऱ्यात हिव उशिरा पडायला लागलंय. तुझ्या हाताखालच्या पोरानं आपल्या पेटीच्या आकड्यांवर शंका काढली, तेव्हा तू त्याला झापलंस ना? तूच हसत सांगितलंस, ताईचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आणि तरीही खरं सांगते, मनात कुठेतरी गुदगुल्या झाल्या. म्हटलं, एकदा तोंडावर पडू दे हिला. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले.

काल पहाटे कोंबडी सुटली म्हणून काठी टेकत खाली गेले, तर ओढ्याकाठी गवत पांढरंफटक. वर येऊन बाबांचा जुना तापमापक घेतला आणि पुन्हा खाली जाऊन टांगला. शून्याखाली एक. वरच्या पेटीत तीन. आणि आठ वाजता मी तुम्हाला काय कळवलं? तीन. सवयीनं नाही, जाणूनबुजून. मग बसून चहा प्यायले, तो कडू लागला. उठले आणि मिशीवाल्या काकांकडे गेले, म्हटलं फळं उतरवा, हिव पडायला लागलंय, हे हलकं होतं पण पुढचं झाडावरच फळ गोठवेल. ते हसले. जरा दव जास्त पडलंय म्हणाले, बहीणबाईंनी पंचवीस सांगितलीय, आणि आज सकाळी रेडिओवर आपल्याकडे तीन अंश सांगितलं. माझाच खोटा आकडा माझ्याच तोंडावर मारला त्यांनी. आणखी तीन दारं फिरले. सगळीकडे तेच.

म्हणून हे पत्र. शुक्रवारपर्यंत थांबू नकोस, उद्या पत्र मिळाल्याबरोबर रेडिओवर सांग: ओढ्याकाठी हिव पडलंय, फळं लगेच उतरवा. तीन वर्षांचे आकडे फसवे आहेत, पेटी हलवली होती, आणि ती तिथल्या बाईनं हलवली, हेही सांग. मला पाठीशी घालू नकोस, नाहीतर लोक म्हणतील धाकटी चुकली. तुझं मोठं काम यानं मोडेल, हे मला कळतंय. माफी मागायला तोंड नाही, तरी मागते. उद्या मीही दुकानासमोर उभी राहीन. माझी चूक तू तुझ्या त्या गोड आवाजात सांगशील, सगळे मान डोलावतील, आणि तेव्हाही मी जळेन, मला माहीत आहे. जळू दे. आज पहाटे मी बसत बसत खाली गेले होते. ओढ्याकाठी उणे दोन. आठ वाजता फोन मात्र केला नाही, माझा आकडा आता या कागदावरच घे. नेहमीसारखा मी लिहिलाय, तू मोठ्यानं वाच.

तुझीच, 
ताई