आवृत्ती जुळत नाही

नोर्यांगजिन, सोल
शुक्रवार, १४ मार्च, सकाळ

चि. येरिम हिस,
अनेक आशीर्वाद. घरी सगळं ठीक आहे. यंदा कालवं चांगली भरलीत, टोंगयोंगच्या बाजारात उठावही आहे. आईचा गुडघा कुरकुरतो, पण कालवं सोलायला बसली की ती गुडघा विसरते. जेवतेस ना वेळेवर?

सरकारी नोकरीच्या परीक्षेच्या तिसऱ्या निकालानंतर तू फोन उचलायचं बंद केलंस. आई चिडायची, मी चिडलो नाही, कारण ठोकळ्यांनी घरं बांधायच्या त्या खेळात तू रोज भेटायचीस. तू कॉम्प्युटरवर, मी फोनवर. या दोन आवृत्त्या एरवी एकमेकींना ओळखत नाहीत, तुझ्या मैत्रिणीने मधे पूल घातलाय म्हणून आपण एका जगात येतो, हे तूच मला समजावलंस. होडीवरून परतलो की मी मेंढ्या राखायचो, तू माझ्या भिंती सरळ करायचीस. ‘आप्पा, छप्पर आधी बांधतं का कुणी?’ असं लिहायचीस. मला तेवढं पुरत होतं.

सोमवारी तू लिहिलंस, ‘आप्पा, मी फार दमलेय.’

मी एका बोटाने उत्तर लिहीत होतो. मला किती वेळ लागतो तुला ठाऊक आहे. ते पूर्ण होण्याआधी तू खेळातून निघून गेलीस. मंगळवारी फोनवरचा खेळ आपोआप नवा झाला आणि मला आत घेईना. आवृत्ती जुळत नाही, एवढंच दाखवत राहिला. काढून टाकला, परत घातला. तुझ्या मैत्रिणीला निरोप धाडले, तिचं उत्तर नाही.

शेवटी काल रात्री बंदराजवळच्या कॉम्प्युटर कॅफेत गेलो. ते चालवणाऱ्या ह्वांगबाई म्हणाल्या, “काका, इथे बाप येतात ते पोरांना ओढून न्यायला. खेळायला आलेले तुम्ही पहिलेच.” मी त्यांना सगळं सांगितलं. मग त्या हसल्या नाहीत. कॉम्प्युटरवाल्यांना वाट अजून उघडी होती. त्यांनी मला त्या आवृत्तीतून आत सोडलं, माऊस कसा धरायचा तेही दाखवलं.

येरिम, तुझं घर रिकामं होतं. पलंगसुद्धा नाही. माझ्या अंगणात तुझ्या सगळ्या मेंढ्या बांधलेल्या, तुझा कुत्रा माझ्या दारात बसवलेला. माझ्या पेट्या तुझ्या वस्तूंनी गच्च भरलेल्या, जपून ठेवलेली हिऱ्याची कुदळही त्यात. आणि पाटी: ‘आप्पा, हे आता तुमचं.’

ह्वांगबाईंनी ती पाटी वाचली आणि त्या म्हणाल्या, “काका, उठा. पहिली बस पकडा.”

आईला सांगितलंय की होडीच्या इंजिनाचा भाग आणायला चाललोय. तिच्याशी खोटं बोलताना माझी जीभ कशी वळली, मला माहीत नाही.

पत्र टपालाने आलेलं नाही हे तुला कळलंच असेल. मी तुझ्या दाराबाहेर बसलोय. तुझ्या वसतिगृहाच्या व्यवस्थापकबाई म्हणाल्या, तुझे बूट फळीवरच आहेत, म्हणजे तू बाहेर गेलेली नाहीस, पण सगळ्यांच्या स्वयंपाकघरात तू दिसत नाहीस. दार वाजवलं, हाका मारल्या, तू ओ दिली नाहीस. त्या दुसरी किल्ली आणायला वळल्या तेवढ्यात तू आत खोकलीस. मी तिथेच खाली बसलो. त्यांना म्हटलं, किल्ली आणून इथेच थांबा, पण आधी मला तिच्याशी बोलू द्या. तोंडाने बोलायला गेलो तर रडू येतं, म्हणून लिहितोय.

परीक्षा राहू दे. तू काही मिळवलं नाहीस तरी चालेल. तुझ्या मेंढ्या मला नकोत, कुदळ नको, कुत्रा नको. तुझ्यावाचून ते घेऊन मी काय करू? तू दमलीस ना, मग झोप, मी इथे बसून राहतो. उठलीस की बोलू, नाहीतर नाही बोलू. फक्त आत आहेस एवढं मला कळू दे. दुसरं काही मागत नाही गं.

हे पान आता दाराखालून सरकवतो.

*

येरिम, हे दुसरं पान. पहिलं अर्धं आत गेलं आणि अडकलं. मी कोपरा धरून बसलो होतो, सोडायचा धीर होत नव्हता. मग ते माझ्या बोटांतून ओढलं गेलं. हळूच, पण तूच ओढलंस.

सावकाश वाच. माझं अक्षर वाईट आहे.

कुठेही न जाणारा,
तुझा आप्पा