चिमटीची साक्ष

२ मार्च, सोमवार

धोब्याने माझ्याविरुद्ध कट रचला आहे. शर्टांची झाडून सगळी काजं लहान करून ठेवली आहेत! गळ्याचं बटण लावण्यात आज पंधरा मिनिटं गेली. मनगटांचा तर नादच सोडला. दुकानात जाऊन रीतसर तक्रार केली. म्हणाला, "काका, कपडे आटतात. काजं कशी आटतील? वय झालं तुमचं." वय! चोपन्न म्हणजे वय? निषेध म्हणून दोन शर्ट त्याच्याच टेबलावर टाकून आलो. आता घरात एकच उरला. निषेध अंगाशी येणार.

४ मार्च

छत्रीवाल्या बाई आल्या. हॉटेलांच्या अंगणात उभ्या करतात त्या मोठ्या छत्र्या शिवतात — हाताखाली बावीस माणसं. परदेशातून मागवलेलं कापड बंदरात अडकलंय. कस्टम्सवाले म्हणतात, हे प्लॅस्टिकचा लेप दिलेलं कापड. कलम वेगळं, शुल्क जवळजवळ दुप्पट. बाई म्हणतात, साधं विणलेलं. "तेवढं भरायचं तर कारखान्याला कुलूपच लावते, साहेब."

तुकडा माझ्यापुढे सरकवला. अठ्ठावीस वर्षं आयातदारांचा शुल्क-सल्लागार म्हणून मी कापड चिमटीत धरून, डोळे मिटून सांगत आलोय — सूत की नायलॉन, लेप आहे की नाही. गोदीत मला 'चिमटीसाहेब' म्हणतात. मी ऐकू न आल्याचा आव आणतो आणि आतून सुखावतो.

आज चिमटीत धरलं. डोळे मिटले. उघडले. म्हणालो, "उद्या सांगतो."

"तुम्ही तर जागच्या जागी सांगता म्हणे!"

"शास्त्रात घाई नसते, बाई." आवाज असा लावला की क्षणभर माझाही विश्वास बसला.

५ मार्च

सकाळी चहाच्या वेळी तुकडा हिच्या हातात दिला. आपलं सहज. "बघ बरं, कसा लागतो?"

"ही बाजू कोरडी, ती जराशी चिकट. दिसायला मात्र दोन्ही सारख्याच." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहत — "पण मला काय विचारताय? चिमटीसाहेब कोण आपल्यात?"

दिसायला सारख्याच! चहा तसाच टाकून उठलो. शुल्काच्या पुस्तकात लेपाच्या कापडाच्या प्रकरणाखाली बारीक अक्षरात एक टीप आहे: नुसत्या डोळ्यांना न दिसणारा लेप हा लेप धरायचा नाही. ती टीप वाचून मी एकटाच खोलीत टाळ्या वाजवल्या.

१० मार्च

सुनावणी. सकाळी बटणं हिने लावून दिली. गळ्याचंही.

तरुण अधिकाऱ्याने तुकडा सगळ्यांदेखत चोळून दाखवला — "हे बघा, चिकट लागतंय. लेप आहेच."

मी उठलो. "असेल. पण दिसतो का? आमचे नैयायिक, म्हणजे जुने न्यायशास्त्रवाले, डोळ्यांनी पाहिलेलं आणि बोटांना जाणवलेलं, दोन्ही प्रत्यक्ष मानतात. ही टीप लिहिणारा नैयायिक नव्हता. त्याने साक्षीला फक्त डोळ्यांना बोलावलंय."

वरिष्ठ साहेब हसले. "अहो, उभा जन्म चिमटीवर काढलात, आणि आज तिचीच साक्ष नको?"

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मी.

साहेब तुकडा घेऊन खिडकीशी गेले. कुणीतरी तत्परतेने भिंग पुढे केलं. "भिंग नको!" — मी जवळजवळ ओरडलोच. "नुसता डोळा!" त्यांनी तुकडा उलटला, पालटला, पुन्हा उलटला. शेवटी म्हणाले, "लेपाची बाजू कुठली, मला तरी सांगता येत नाही."

जिंकलो!!

१२ मार्च

माल सुटला. बाईंनी फोन थेट कारखान्यात नेऊन धरला — "ऐका, साहेब!" बावीस शिलाई यंत्रांची घरघर. इतकी स्तोत्रं पाठ केली आजवर, एकही कानाला इतकं गोड लागलं नव्हतं.

गोदीत बातमी माझ्याआधी पोचलेली: चिमटीसाहेबांनी चिमटीलाच हरवलं! दिवसभर जमिनीपासून चार बोटं वर चालत होतो. दुपारी चामड्याचे एक व्यापारी आले. "तुमच्या बोटांची कीर्ती ऐकून आलोय. नमुने सोमवारी आणतो."

१३ मार्च

धोब्याची माफी मागितली. काजं होती तेवढीच आहेत. उजव्या हाताच्या बोटांना चार महिने झाले काही कळत नाही. त्या दिवशी बाईंचं कापडही कळलं नव्हतं. हिला अजून सांगितलेलं नाही. सोमवारची भीती वाटते.