माश्यांची खरवड

३ फेब्रुवारी
आले बाई एकदाची! आदिलाबादबाहेर, सरकीच्या जुन्या गोदामात वामनराव सरांची खासगी प्रयोगशाळा. इचोड्याच्या चंपत मास्तरांची मुलगी साक्षी आता फळमाश्यांच्या डोळ्यांवर संशोधन करणार. बाबांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले.

काम समजलं. माशीच्या डोळ्यातल्या पेशीत उजेड टिपणारं प्रथिन एका जागी तयार होतं, मग पेशीच्या कडेला पोचवलं जातं. सरांचं औषध ही वाहतूक अडवतं, प्रथिन वाटेतच तुंबतं. अंधारात माशी ठीक राहते. उजेड पडला की त्या पेशी मरतात. म्हणून सगळं काम तांबड्या दिव्यात. तो माश्यांना जवळपास दिसतच नाही.

७ फेब्रुवारी
माश्यांचं खाणं ताराबाई शिजवते. ज्वारीचं पीठ, गूळ, खमीर. पातेल्याची खरवड रोज माझ्या वाटणीला. तिला शुगर आहे, ती तोंडही लावत नाही. औषध नंतर माश्या ठेवलेल्या नळ्यांत घालत असणार, म्हणून मी चाटूनपुसून खाते. आज सरांनी बघितलं आणि ते हसले. मीही हसले.

१९ फेब्रुवारी
ऊन सोसत नाही. कडेचं दिसेनासं झालंय. ताराबाई म्हणाली, "पोरी, डोळे काऊन चोळून राह्यली?" तिच्याच बोलण्यात आलं की सर औषध पातेल्यातच ओततात, पहिल्या दिवसापासून. तिला ते खमीरच वाटलं.

सरांना सांगितलं. दचकलेसुद्धा नाहीत. किती खाल्लीस, कधीपासून, एवढंच विचारून टिपून घेतलं. म्हणजे त्या दिवशी ते माझ्यासोबत हसत नव्हते. शिक्षणानं डोळे उघडतात म्हणे! जळो ते शिक्षण.

२१ फेब्रुवारी
उजेडात गेलीस तर आंधळी होशील, अंधारात राहिलीस तर औषध उतरेल, असं सर म्हणाले. तांबड्या खोलीत राहिले. मोबाइलचाही उजेड नको म्हणून सरांनी तो काढून घेतला. ताराबाईला रजा दिलीय. कडी बाहेरून.

२६ फेब्रुवारी
अक्षरं अजून दिसतात. उतरत असेल—
जेवणाला गुळाचा वास. नाही खाल्लं. मग खाल्लं. भूक—

१ मार्च
सर दाराआडून बोलले. अंधारातल्या नोंदी छान झाल्या म्हणे. अर्धा प्रयोग उरलाय. माश्यांनाही शेवटी उजेड दाखवतोच ना, असं अगदी प्रेमानं—

आत आलेत. शिडी लावली. तांबडा दिवा काढला—
मी पाया पडले. सरक म्हणाले.
डोळे घट्ट मिटून लिहितेय. बाबा, मला घ्यायला या. बाबा, पापण्यांतूनही पांढरं—