नाओलची छाती आणि आईची शेगडी

जिम्मा, ऐन पावसाळा

ती. त्सेहायताईस,

धाकट्या येशीचा वाकून नमस्कार. तू कशी आहेस? भावोजी कसे आहेत? मुलं, गाय, शेजारी, शेजाऱ्यांची गाय? (आई शेजारीच बसलीय. सगळ्यांची विचारपूस झाल्याशिवाय ती मला मजकुराला हात घालू देत नाही.) देवाच्या कृपेनं आम्ही सगळे बरे आहोत. असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. प्रत्यक्षात माझं डोकं फिरायची वेळ आलीय.

तुझ्या लाडक्या भाच्याला, नाओलला, पावसाळा लागल्यापासून दमा धरलाय. छातीत शिट्टी वाजते, खेळता खेळता मटकन खाली बसतो, आणि तेव्हाचा त्याचा चेहरा बघवत नाही. डॉक्टर हिवोतबाईंनी फवाऱ्याचं औषध दिलं आणि उलटतपासणी सुरू केली. घरात सिगारेट कोण ओढतं? कोणी नाही. चूल? मी ताठ मानेनं सांगितलं, आमच्याकडे इंजेराची भाकरीसुद्धा विजेच्या तव्यावर होते. मांजर? ओल? जुनी गादी? घरी येऊन मी झपाटल्यासारखी कामाला लागले. गादी उन्हात टाकली (पावसानं भिजली), भिंतीवरची बुरशी खरवडली, मांजर गल्लीच्या टोकाला गाशे देम्सेंकडे नेऊन सोडलं (ते माझ्या आधी घरी पोचलं). शिट्टी काही थांबेना.

कारण कॉफी! कॉफीबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं. मला तरी काय माहीत? धूर म्हणजे चुलीचा. कॉफीच्या धुराला आपल्यात कधी कोणी धूर म्हटलंय? पोर आजारी म्हटल्यावर अख्खी गल्ली बघायला येणार, आणि आलेल्याला कॉफीविना कसं पाठवायचं? म्हणून रोज जमिनीवर ताजं कापलेलं गवत, मधोमध कोळशाची शेगडी, निखाऱ्यावर लोबान, आणि बिया भाजल्या की ते धुमसतं भांडं एकेकाच्या नाकाखालून फिरवायचं. बाहेर पाऊस म्हणून दारं-खिडक्या गच्च बंद. त्यातून नाओल आजारी, म्हणून मानाची जागा त्याची, शेगडीला खेटून! कॉफीच्या पहिल्या फेरीला तो खोकायचा, दुसरीला शिट्टी वाजायची, आणि आशीर्वादाची तिसरी फेरी झाल्याशिवाय कोणी उठायचं नाही, कारण आशीर्वाद त्याच्याच छातीसाठी मागायचा होता. गाशे देम्से जाताना म्हणायचे, "अगं, पोर कालच्यापेक्षा सुकलेलं दिसतंय. उद्या बायकोलाही घेऊन येतो." आणि घेऊन यायचे.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंना माझ्या शालीलाच लोबानाचा वास आला, मग सगळंच बाहेर पडलं. त्यांनी आणखी विचारलं, घराण्यात कुणाला दमा होता का? आई सोबत होती. तिनं ठासून सांगितलं, कुणालाच नाही. ताई, आपले वडील उभा जन्म भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपले! बाहेर आल्यावर मी तिला धारेवर धरलं, तर म्हणते, "दमा कसला? गुरांवर लक्ष ठेवायचे ते." (ज्या वर्षी आपल्या दारात एक जनावर नव्हतं, त्या वर्षीही ठेवत होते.)

मी जाहीर केलं, आजपासून घरात शेगडी बंद. आई उसळलीच. "आलेल्या माणसाला काय वारा पाजून पाठवू? सात पोरं वाढवली मी याच धुरात!" ताई, जगलो आपण पाचच. तिच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण ती एकदम थांबली आणि माझ्याकडे न बघता उठून गेली. मला फार वाईट वाटलं. रागही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी बघते तर शेगडी अंगणात. भर पावसात! छत्री शेगडीवर आणि आई पावसात. गवत पसरायचा त्रास तेवढा वाचला, ते तिथे होतंच. पाहुणे छत्र्या धरून उभे, आणि कपातली कॉफी कितीही प्याली तरी वरून भरतच होती. तरी तिसऱ्या फेरीआधी एकजण हलेल तर शपथ. पण नाओलची शिट्टी कमी झाली. काल तो शाळेपर्यंत पळत गेला आणि मी दारात उभी राहून रडले. आता आईला खोकला झालाय. तिला बघायला गल्ली येऊ लागलीय, आणि त्या सगळ्यांना कॉफी कोण करून घालतं? आईच, अंगणात! कपाळ माझं.

भावोजींना नमस्कार, मुलांना पापे.

तुझी,
येशी

ता. क. तुमच्या जुन्या स्वयंपाकघराचे पत्रे हवास्साला परसात गंजत पडलेत ना? बसच्या टपावर टाकून पाठवून दे. अंगणात चार खांब मी उभे करते.

ता. क. आई म्हणते, पत्र्यांचं काय घेऊन बसलीस? त्सेहायच्या बाजारात लोबान चांगला मिळतो, तो मागव. मागवला. पाठवू नकोस.

ता. क. आई हल्ली भिंतीला टेकून बसूनच झोपते. विचारलं तर म्हणते, "नाओलच्या श्वासावर लक्ष ठेवते." ताई, पत्रे लवकर पाठव.