टाचण्या काढू नयेत

मी, हर्षला बुधाजी भोईर, वय ६३, अविवाहित, निवृत्त प्रयोगशाळा सहायक, राहणार शेलू, तालुका कर्जत, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझी स्मृती शाबूत आहे, डोळ्यांचं चष्म्यावर भागतं आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला घरात दुसरं कोणी नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. शेलू येथील माझी राहती सदनिका, आतील सामानासह, माझ्या मयत भावाचा मुलगा रूपेश साईनाथ भोईर याला मिळावी. तो माझ्याशी बोलत नाही. त्याचं कारण कलम ३ मध्ये आहे.

२. माझी सर्व पुस्तके आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत सोसायटीने ठेवावीत. इथल्या ज्या मुलीला, बाईला हवं तिने न्यावं. यांत बहुतेक फँटसी कादंबऱ्या आहेत. राक्षस, उडते घोडे, शापित किल्ले. मोहोपाड्याला कारखान्याच्या वसाहतीत राहत होते तेव्हापासून मला हे वेड आहे.

बऱ्याच पुस्तकांत काही पानं एकमेकांना टाचलेली आढळतील. पुस्तकं देताना त्या टाचण्या काढू नयेत. वाचणारीने वाटल्यास स्वतः काढाव्यात.

त्या माझ्या एका मैत्रिणीसाठी लावलेल्या आहेत. तिचं नाव लिहीत नाही. ती तरुण असताना एका ओळखीच्या माणसाने तिच्यावर बळजबरी केली. दुसऱ्या दिवशी तिने भात लावला, वेणी घातली आणि कारखान्यात पाळीवर हजर झाली. पुढे कित्येक वर्षं जगली. भांडली, हसली, गुडघ्यांची कुरकुर केली. माझ्याइतकंच तिलाही या पुस्तकांचं वेड. पण दर दुसऱ्या पुस्तकात कुठल्यातरी राजकन्येवर, दासीवर तेच गुदरलेलं असायचं, आणि लिहिणारा ते चवीने, पानंच्या पानं लिहायचा. म्हणून आधी मी वाचायचे.

"हर्षे, याच्यात हाय का गं तसलं?"

"हाय."

"मंग टाच."

तसला प्रसंग असूनही एकाच कादंबरीला टाचणी लागली नाही. त्यात एका चेटकिणीवर हा प्रसंग येतो, पण लेखिका आपल्याला दाराबाहेर उभं करते. पुढच्या पानावर ती बाई छप्पर शाकारतेय आणि शेळीला शिव्या देतेय. मैत्रीण हसत सुटली. म्हणाली, "ही बया खरी हाय." ते पुस्तक कपाटात शोधू नये. गेल्या वर्षी ती गेली तेव्हा मी ते तिच्या उशाशी ठेवून दिलं.

३. रूपेशने लिहिलेली कादंबरी, त्याने सही करून मला दिलेली प्रत, त्याला परत द्यावी. तिचंही पहिलं प्रकरण टाचलेलं आहे. भाच्याचं पुस्तक म्हणून मैत्रिणीला ते फार वाचायचं होतं. तिने हातात घेतलं, टाचण्या पाहिल्या आणि तसंच टेबलावर ठेवलं.

मी दुसऱ्याच दिवशी खोपोलीला त्याच्या घरी गेले. पहिल्या प्रकरणात नायकाच्या बहिणीची विटंबना होते, मग नायक तलवार उचलतो, असं ते पुस्तक आहे.

रूपेश म्हणाला, "आत्या, त्या काळी असंच व्हायचं गं."

"कुठल्या काळी? तुझ्या राज्यात दोन चंद्र आहेत. नदी बोलते. मेलेला राजा परत येतो. एवढं सगळं सुचलं, आणि बाई पाण्याला जाऊन धड घरी येईल असं एक गाव नाही सुचलं?"

"मग नायक पेटून कसा उठणार?"

"त्याला सरपण म्हणून बहीणच लागते का रं? बरं, दुसऱ्या दिवशी ती काय करते?"

"कोण?"

"बहीण."

तो म्हणाला, "ती पुढे येत नाही कथेत." मग चिडून, "तू एकटी राहून राहून कडू झालीस, आत्या."

एका वाक्यात मी त्याला गप्प करू शकले असते. मैत्रिणीवर काय गुदरलं, एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. ते वाक्य ओठांवर आलं होतं. पण मग मीही तेच केलं असतं जे त्याने केलं. तिचं दुखणं माझा मुद्दा पेटवायला वापरलं असतं. मी चपला घातल्या आणि निघाले. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. मी केले, ते त्याने उचलले नाहीत.

मरण्याआधी मैत्रीण म्हणाली होती, "माज्या मागारी सांगायचं तर सांग. नाव नको." म्हणून हे आता लिहिलं. रूपेशने ती कोण याचा शोध घेऊ नये. तिने आपलं नाव स्वतः झाकलं. त्याच्या पुस्तकातल्या बहिणीला त्याने नाव दिलंच नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्याने समजून घ्यावं.

सदनिका देताना काही अट घालायची का, असं वकिलांनी विचारलं. अट नाही. भीतीपोटी सुधारलेली कादंबरी मला नको.

४. खोपोलीच्या आमच्या वाचक मंडळाला काहीही देऊ नये. हाच विषय मी तिथे काढला तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "बाई, गोष्टीतलं एवढं मनाला लावून घेऊ नका." गोष्टी मनाला लावून घ्यायच्या नसतील तर मंडळ कशाला काढलंत, असं मी विचारलं. पुढच्या बैठकीचा निरोप आला नाही.

५. बँकेत उरेल ती रक्कम माझी वहिनी सोमी साईनाथ भोईर हिला द्यावी. ती मुलाच्या बाजूने आहे आणि आईने असावंच. तिने ही रक्कम स्वतःवर खर्च करावी.

६. माझे दिवस घालू नयेत. अस्थी उल्हास नदीत सोडाव्यात. कोणी आलं नाही तर सोसायटीच्या रखवालदाराने सोडल्या तरी चालतील.

७. याची अंमलबजावणी कर्जतचे वकील सुनील घारे यांनी करावी.

साक्षीदार कोण, हा प्रश्न पडला तेव्हा बोलवावं असं माणूस आठवेना. शेवटी खालच्या मजल्यावरचे किरण कराळे आणि समोरच्या दारातल्या सुप्रिया ठोंबरे यांना विचारलं. नमस्कारापलीकडे आमची ओळख नाही. दोघंही लगेच हो म्हणाले. त्यांना विनंती की सही करून लगेच उठू नये. मी चहा ठेवणार आहे, पोहेही भिजवलेत.

सही : हर्षला बुधाजी भोईर

साक्षीदार :
१) किरण आबाजी कराळे, शेलू
२) सुप्रिया ठोंबरे, शेलू

स्थळ : शेलू, ता. कर्जत
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५