संकलन विभागप्रमुख रजेवर आहेत

९ फेब्रुवारी, दुपार

चि. धाकट्यास,

(डोक्यावरचे निम्मे केस गेलेल्या माणसाला चिरंजीव लिहावं का, यावर मी जरा अडले. पण मोठ्या बहिणीला दुसरं काही लिहिता येत नाही.) पाच महिने पत्र नाही, याबद्दल माफ कर. कामात होते असं लिहिणार होते, पण ते पुरतं खरं नाही. रोजनिशी लिहायला रोज वेळ मिळत होताच. तुला काय लिहावं आणि काय लिहू नये हे ठरत नव्हतं, म्हणून राहिलं. तुझी पाठ कशी आहे? तिकडे संकलनाच्या खोलीतली खुर्ची तरी बरी आहे का? वेळेवर जेवतोस ना, असं आई विचारते. अण्णा काही विचारत नाहीत, पण आई विचारत असते तेव्हा रेडिओ बारीक करतात.

इथली मोठी बातमी म्हणजे मी इतिहासकार झाले. एका वाहिनीला आपल्या सिनेमा-मालिकांच्या कंपनीत भागीदारी हवी आहे, आणि त्यांनी 'कंपनीचा इतिहास व रचना' दोन पानांत मागितली आहे. मागच्या शॉटमध्ये कप कोणत्या हातात होता हे जन्मभर टिपून ठेवणाऱ्या बाईइतकं भरवशाचं कोण, म्हणून अण्णांनी काम माझ्यावर ढकललं. पहिल्याच ओळीवर गाडी अडली: कंपनी स्थापन कधी झाली? अण्णा म्हणतात, त्यांनी पहिला कॅमेरा विकत घेतला त्या दिवशी. कॅमेरामन काका म्हणतात, पहिला सिनेमा पडला त्या दिवशी, कारण तोवर ते दोघे एकमेकांना साहेब म्हणत होते आणि त्यानंतर खरं बोलू लागले. आईचं म्हणणं, आपला सोफा 'दोनच दिवस' म्हणून सेटवर गेला तेव्हा. (तो अजून आलेला नाही. गेल्या महिन्यात त्याच्यावर मालिकेतल्या तिसऱ्या सासूबाई वारल्या.) मी तिन्ही तारखा देऊन खाली टीप लिहिली. वाहिनीच्या बाई फोनवर म्हणाल्या, "अहो, एकच ठेवा ना!" मग दोन दिवस विचार करून मी आईची ठेवली. तिला निदान साक्षीदार आहे. सोफा उचलताना त्याच्यावरून मलाच उठवलं होतं.

रचनेचं प्रकरण याहून अवघड. कागदावर सोपं दिसतं: वरच्या मजल्यावर सिनेमा, खालच्या मजल्यावर मालिका. वरचे चार वर्षांत एक सिनेमा काढतात, खालचे रोज एक भाग. खालचे वरच्यांना पोसतात, आणि वरचे खालच्यांना जिन्यात ओळखही दाखवत नाहीत. वाहिनीला मात्र चौकटी आणि बाण हवेत, कोण कोणाच्या हाताखाली ते कळायला. मी प्रत्येकाला विचारत फिरले. एकानेही आपण कोणाच्या हाताखाली आहोत हे कबूल केलं नाही. पण कोणाचं कोणाशी वाजलं की तो माणूस कुठे जातो, असं विचारल्यावर सगळ्यांनी एकच उत्तर दिलं: आईकडे, जेवायला. त्यामुळे माझ्या आराखड्यात सगळे बाण स्वयंपाकघरात जाऊन मिळाले. आईला दाखवला, तर म्हणाली, "माझं नाव खोड. उद्या वाहिनीचे लोकही जेवायला येतील."

संकलन विभागप्रमुख या चौकटीपाशी मी थांबले. तुला जाऊन तीन वर्षं होतील. तुझ्या सिनेमातला तो शॉट, बाई एकटीच कपड्यांच्या घड्या घालत बसते तो, अण्णांनी कापला, तिथे गाणं घातलं, आणि तू निघून गेलास. कोणाचं बरोबर हे मला अजून ठरवता आलेलं नाही. शॉट लांब होता. गाणं वाईट होतं. मी चौकट रिकामी ठेवायची का विचारलं, तर अण्णा म्हणाले, "रिकामी कशाला? लिही, रजेवर आहेत." वाहिनीच्या बाईंनी विचारलं, रुजू कधी होणार? अण्णांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि सांगितलं, "त्याची रजा शिल्लक आहे."  वाहिनीच्या कागदावर आता तसंच छापलेलं आहे.

बाकी, ऐकून खोटं वाटेल, पण अण्णा मवाळ झालेत. मोडून टाकलेला दवाखान्याचा सेट सदऱ्याच्या एका चुकलेल्या बटणासाठी पुन्हा उभा करायला लावणारा हा माणूस! हल्ली काहीही दाखवा, "चालेल" म्हणतात. मागच्या आठवड्यात मालिकेतली सून निळा स्वेटर घालून स्वयंपाकघरात गेली आणि पिवळा घालून बाहेर आली. माझ्या सुट्टीच्या दिवशी बदली आलेली बाई चुकली होती. मी मान खाली घालून वाट बघत बसले. "चालेल," अण्णा म्हणाले. दिग्दर्शक इतका खूश झाला की त्याने पेढे द्यावेत तसा लिमलेटच्या गोळ्यांचा डबाच माझ्या हातात ठेवला. वयाने माणूस निवळतो, असं सगळे म्हणतात.

आता पुरे. पाठीला जप.

तुझी,
ताई

ता.क. पत्र संपवत होते तेवढ्यात अण्णा आले. "कोणाला लिहितेयस?" मला खोटं बोलता येत नाही, म्हणून वाचून दाखवलं. सोफ्यापाशी हसले. 'शॉट लांब होता' इथे "बरोबर" म्हणाले, 'गाणं वाईट होतं' इथे खोकले. शेवटी एक परिच्छेद होता, तो काढायला लावला. "लांबतंय. काप." मी कापला.

ता.क. २. अण्णा आंघोळीला गेलेत. ताजा कलम संकलनानंतर येतो, तेव्हा त्याला कात्री लागत नसावी असं मी धरून चालते. (हे बरोबर आहे का, याची खात्री नाही.) अण्णा मवाळ झालेले नाहीत. त्यांना दिसत नाही. सोमवारी भाग बघायला आम्ही दोघंच होतो. मध्येच चित्र गेलं, नुसता आवाज राहिला. मी उठणार, तर अण्णा आपले पुढे वाकून, हनुवटी हातात धरून बघताहेत. भाग संपल्यावर म्हणाले, "चालेल. उजेड छान पडलाय." मी म्हटलं, "अण्णा, चित्र नव्हतं." ते हनुवटीवरचा हात काढून मागे टेकले. मग म्हणाले, "मग तू कशाला बसून राहिलीस?"

डॉक्टर म्हणतात, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. ऑपरेशन अवघड नाही, पण आता थांबू नका. एकवीस तारीख दिली होती. अण्णा नाही म्हणाले. काही आठवडे पडद्याकडे बघायचं नाही, तर तोवर 'नाही चालणार' म्हणणारं कंपनीत आहे कोण? मी म्हटलं, मी म्हणेन. "तू चूक दाखवशील, पोरी. चूक नसतानाही जे चालत नाही, ते ओळखावं लागतं." (हे मला लागलं. पण खरं आहे.) तुझं नाव काही घेतलं नाही. कोणी बसू नये म्हणून तुझ्या खुर्चीवर त्यांनी तीन वर्षं फिल्मचे जुने डबे रचून ठेवले होते. काल ते चाचपडत, एकेक करून खाली ठेवत होते. मी मदतीला गेले, तर हुसकावलं.

तर मागणं एवढंच, की वीस तारखेच्या आत ये आणि थोडे दिवस त्या खुर्चीत बसून 'नाही चालणार' म्हण. कायमचा ये असं म्हणत नाही, ते तुम्ही दोघं बघा. मी कळवलं हे त्यांना सांगू नकोस. नाही, सांग. नाहीतर मीच सांगून बसेन.

उद्या: अण्णा "पुन्हा एकदा वाच" म्हणायच्या आत हे टपालात टाकणे.