बर्फाचा किल्ला

ईडन प्रेरी, माघ महिना

चि. सौ. सुवर्णा हिला आक्काचा आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत ते विचारत नाही. विचारलं की तू दोन पानं लिहितेस. मी जिवंत आहे. (खालचं वाचून तुला आश्चर्य वाटेल.)

आमच्या देवदत्ताला सुट्टीत सुख बोचलं. घरात जाळीतून गरम वारा येतो, तो सोडून आम्हाला उत्तरेच्या रानात घेऊन गेला. भाड्याच्या कॅबिनपर्यंत गाडी जात नाही, चालायचं. अर्ध्या वाटेत असं बर्फाचं वादळ सुटलं की स्वतःचे हात दिसेनात. (हातात लोणच्याची बरणी होती, म्हणून हात आहेत एवढं कळत होतं.) देवा म्हणाला, "आई, पॅनिक होऊ नकोस, मी शेल्टर बांधतो." मी कशाला होतेय? रडत होती ती सून, उल्का. त्याने फावड्याने बर्फाचा हा मोठा ढीग घातला, जरा बसू दिला, मग आतून पोखरला. खाली झाडाच्या फांद्या अंथरल्या. दिवाळीतला किल्लाच गं, फक्त मावळ्यांच्या जागी आम्ही चौघं. वर काठीने भोक पाडलं, तर वारा लागतो म्हणून मी त्यात माझा मोजा कोंबला. नात केया किंचाळली, "आजी, नो! वुई नीड एअर!" तेवढं इंग्रजी मला कळलं. मोजा काढला.

आत बरणीतल्या फोडींसारखे एकमेकांना चिकटून बसलो. घरी देवा माझ्याशी दारातूनच बोलतो, "जेवलीस?" की पुढे. इथे त्याला पुढे जायला जागा नव्हती. म्हणाला, "किल्ल्याची माती बाबा कालवून द्यायचे." मग, "बाबा शेवटी काय म्हणाले गं?" तुझे भावोजी वैशाखात गेले, याचे व्हिसाचे कागद अडकलेले, येता आलं नाही. आजवर विचारलं नव्हतं. दात वाजत होते त्याचे, थंडीने का कशाने कोण जाणे. मी सांगितलं, "म्हणाले, देवाला म्हणावं धावपळ करू नकोस, मला काही त्रास नाही." माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडला. शाल भिजली आणि वर गोठली. (धुवायची मलाच.) वारा पडल्यावर बाहेर आलो, तर कॅबिन तुझ्या दारापासून तुळस असेल एवढ्यावर.

तुझी आक्का

ता. क. तो तुला फोन करील, तूही उशाशी होतीस म्हणून. ते नुसतं "थंडी वाजते" म्हणत होते आणि आपण भर वैशाखात तीन गोधड्या घातल्या तरी ती गेली नाही, हे त्याला सांगू नकोस. मी सांगितलं तेच सांग. स्वतःचं काही जोडू नकोस, तुला सवय आहे.

आणखी एक. गुडघे कसे आहेत? दोन पानं लिहिलीस तरी चालेल.